गरम झालं की ओबीएम (होडीला मागे लावायचं इंजिन) लागतच नाही, ३००० च्या आत उपाय सांगा

देवबागकर: दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, ९.९ हॉर्सपॉवर, जुनं. सकाळी दुसऱ्या दोरीला लागतं. तासाभराने जाळ्यावर पोचून बंद करतो, जाळं ओढेपर्यंत वीसेक मिनिटं जातात. मग खांदा निखळेपर्यंत दोरी मारा, ढिम्म. पाऊण तासाने आपसूक सुरू. परवा कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीने बाहेर ओढत नेलं, वल्ही होती म्हणून वाचलो. प्लग नवे, पाण्याची धार चांगली पडते. १ जूनच्या मासेमारी बंदीपर्यंत ढकलायचंय. बजेट तीन हजार, वर एक रुपया नाही.

रेवसचा_भाऊ: फोर-स्ट्रोक घे. गेल्या वर्षी घेतलं, एका दोरीत सुरू. ऑइल मिसळायची कटकटच नाही.

देवबागकर: दादा, ते लाखाच्या वर जातं.

रेवसचा_भाऊ: हप्ते असतात की.

खाडीवाला: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडतोस ना? माझा बंद राहिला होता. दोघा मेकॅनिकांनी कार्बोरेटर खोलून पैसे घेतले. नळीवरचा फुगा चपटा पडलाय हे शेवटी माझ्या पोराने दाखवलं, वय वर्षं नऊ.

दोन_दांडे: इथेनॉलचं पेट्रोल. पाणी ओढतं ते. आमच्याकडे सगळ्यांचा हाच त्रास.

खाडीवाला: पेट्रोलात पाणी असतं तर सकाळी दुसऱ्या दोरीला लागलं असतं का?

दोन_दांडे: तुम्ही आमच्या बंदरात या, मग बोला.

जुना_फिटर: भांडा नंतर. देवबागकर, बंद पडलेल्या क्षणीच प्लग काढून बघ. ओला असेल तर पेट्रोल जास्त होतंय: गरम इंजिनाला चोक ओढत असशील, नाहीतर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळतेय. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. गरमीने नळीत वाफ धरते, पंपावर ओलं फडकं टाकलं की कळतं. मग ठिणगी बघ. प्लगचं लोखंड इंजिनाला टेकव आणि दोरी मार. थंडपणी ठिणगी आणि गरमपणी गायब, तर ठिणगी देणारी कॉइल, नाहीतर तिला वीज सोडणारा सीडीआय डबा. त्याआधी पेट्रोलची नळी काढ, प्लगच्या भोकांवर फडकं दाब. मी एकदा आळस केला, भुवया उगवायला दोन महिने लागले.

मोरे_हर्णै: हवेचा स्क्रू बघा आधी.

खाडीवाला: तेच मी वर लिहिलंय.

रेवसचा_भाऊ: फोर-स्ट्रोकला हे काहीच लागत नाही.

देवबागकर: काका, आज केलं. स्क्रू उघडाच होता. प्लग ओले, दोन्हींवर ठिणगी नाही. घरी थंड झाल्यावर निळी, कडकडीत.

जुना_फिटर: ओले म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाही. अशा जुन्या इंजिनांत बहुतेकदा दोन्ही प्लगना एकच कॉइल असते, म्हणून दोन्ही एकदम गेले. तापल्यावर आतली तार तुटते, गार झाली की परत जुळते. पुढच्या खेपेला बर्फात भिजवलेलं फडकं कॉइलला लाव. ठिणगी आली तर कॉइलच. तरी नाही आली तर सीडीआयला लावून बघ.

दोन_दांडे: डुप्लिकेट कॉइल घेऊ नको, माझी एका हंगामात गेली.

मोरे_हर्णै: माझी डुप्लिकेटच आहे, चार वर्षं झाली.

देवबागकर: कॉइलच निघाली! फडकं लावल्यावर पाच मिनिटांत ठिणगी, तिसऱ्या दोरीला सुरू. ओरिजिनल बजेटबाहेर, डुप्लिकेटवर भरवसा नाही. मासळीच्या पेटीत बर्फ असतोच, त्यात एक फडकं ठेवलंय. बंदीपर्यंत तेच.

जुना_फिटर: अरे बाबा, ती चाचणी होती, इलाज नव्हे! मुखाशी बंद पडलं तर पाच मिनिटं कोण देणार तुला?

देवबागकर: दोन फडकी ठेवतो काका.