अनुभव धागा : रात्रभर रस्त्यावर उभी राहणारी कॅम्पर व्हॅन कशी राखता? (बडोदे)

दांडिया बाजार (धागाकर्ती)
जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. दिंडी दरवाजातून स्कूटर आत येते, व्हॅन येत नाही. आम्ही फोर्सच्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली, आरटीओत फेरफाराची नोंद केली. पण गाडीची रात्र रस्त्यावरच जाते. गेल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीत काचा फोडून सामान नेलं. शिवाय नर्मदाकाठच्या गरुडेश्वर, चाणोद, एकतानगरला निघालेली बाहेरगावची मंडळीही इथे मुक्कामाला थांबतात. म्हणून हा धागा. स्वतःवर आलेलं किंवा स्वतः करून पाहिलेलं लिहा. कुलूप कोणतं घेतलं हे सांगाच, पण गाडी कुठे आणि कशी उभी करता ते जास्त सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. मागची दोन पानी दारं भिंतीपासून जेमतेम वीतभर ठेवून गाडी लावतो. कुलूप तोडलं तरी पान उघडायला जागा उरत नाही. दुसरं म्हणजे उजेड. प्रवाशांचं दार डाव्या बाजूला, म्हणजे फुटपाथकडे येतं आणि गाडीच्याच सावलीत अंधार होतो. रस्त्यावरचा दिवा उजव्या अंगाला पडत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. फुटपाथच्या बाजूला कुणाच्या ओट्याचा, दुकानाचा दिवा रात्रभर असतो का, ते आधी बघते.

मांजलपूर
ताई, माझी मारुतीची ईको व्हॅन आहे, आत घडीचा पलंग केलाय. सकाळी चावी फिरवली आणि ट्रॅक्टरसारखा आवाज! सायलेन्सर गायब. गुजरातेत ईकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर झालेत. त्यातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, चोराला हवी असते ती हे धातू असलेली आतली माती. गाडी जमिनीपासून उंच, बोल्ट उघडे, त्यामुळे जॅकचीही गरज पडत नाही.
नवीन बसवल्यावर बोल्टांची डोकी वेल्डिंगने पक्की केली आणि खालून सळ्यांची जाळी मारून घेतली. कन्व्हर्टरवर गाडीचा नंबर कोरलाय. ही चोरी गाडीत शिरून होत नाही, म्हणून दारांची कितीही कुलुपं असली तरी इथे कामी येत नाहीत. ईकोवाल्यांनी पहिला खर्च खालच्या बाजूला करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कारेलीबाग
नवरात्रात गरब्याच्या मैदानाजवळ गाडी लावू नका. एवढ्या गाड्यांचे मालक मध्यरात्रीपर्यंत परतणार नाहीत, हे साऱ्या शहराला ठाऊक असतं. आमची बाजूची काच फोडली आणि सीटवरची पिशवी नेली. पिशवीत नुसते कपडे होते. पण बाहेरून काय दिसतं? पिशवी!
समोरची काच लॅमिनेटेड असते, तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या टफन्ड काचेचा एका ठोक्यात चुरा होतो. विम्यातून काचेचे पैसे मिळाले, सामानाचे नाहीत; मोटार पॉलिसी गाडीपुरती असते. आत बसवलेला फ्रिज, इन्व्हर्टर, बॅटरी पॉलिसीत वेगळी दाखवून त्यांचा हप्ता भरलेला असेल तरच त्यांचा दावा टिकतो. कॅम्परवाल्यांनी हे आजच तपासा.

अकोटा
काळी फिल्म लावायचा विचार कुणी करत असेल तर : सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे. रात्री आतून पडदा ओढा, ड्रायव्हरच्या सीटमागेही एक लावा.

फतेहगंज
मी कामानिमित्त एकटी फिरते आणि व्हॅनमध्येच झोपते. माझ्यासाठी चोरीइतकीच भीती दारावरच्या थापेची. "बेन, गाडीतून ऑइल गळतंय, जरा बघा ना," असं म्हणून खाली उतरवायचं आणि दुसऱ्या बाजूने सामान उचलायचं, ही जुनी चाल आहे. मी दार उघडत नाही. काच बोटभर खाली करून "सकाळी बघते" म्हणते. गेला नाही तर ११२.
झोपताना ड्रायव्हरची सीट पूर्ण मोकळी, चावी ठरलेल्या खुंटीवर, गाडीचं तोंड रस्त्याकडे. मागच्या खोलीतून बाहेर न उतरता सीटवर जाता आलं पाहिजे. गाडी करून घेताना मध्ये पार्टिशन घालायला सांगतात, ते मी मुद्दाम टाळलं.

दांडिया बाजार (धागाकर्ती)
हे फार महत्त्वाचं लिहिलंस गं. आम्ही गाडीचं तोंड बाहेर ठेवतो ते भिंतीमुळे, झटकन निघता येईल हा विचार केलाच नव्हता.

नाशिक (बहीण वाघोडिया रोडला)
गाडीने नर्मदा परिक्रमा करताना बडोद्यात मुक्काम होता. बहिणीच्या सोसायटीत उंचीमुळे गाडी शिरेना. भाऊजी म्हणाले, सयाजी हॉस्पिटलच्या बाजूला लाव, तिथे रात्रभर माणसांची जाग असते. लारीवाल्या (हातगाडीवाल्या) काकांकडे चहा घेतला, "दोन रात्री इथे आहोत, लक्ष असू द्या" म्हटलं. त्यांनी स्वतःच जागा दाखवली, जिथे ते गाडीकडे तोंड करून उभे राहतात. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. अनोळखी गावात मी आता आधी जागं माणूस शोधतो, मग जागा.

मकरपुरा
माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, अशा गाड्या हातून जातात. खर्च कमी आणि उपयोग जास्त, अशा दोन गोष्टी सांगतो. मागच्या दारांना आतून आडवा लोखंडी अडसर घ्या, दोन्ही बाजूंना बॉडीच्या खांबात बसणारा. नुसत्या पत्र्यात नको, पत्रा वाकतो. आणि सरकत्या काचांच्या खाचेत मापाची ॲल्युमिनियमची पट्टी टाका. त्या काचेचं प्लास्टिकचं खिटीकुलूप स्क्रू ड्रायव्हरने उचकटतं, पट्टी असेल तर काच सरकत नाही. पट्टी मात्र आतून हाताने निघाली पाहिजे. अडसरही तसाच. आग लागली तर आतल्या माणसाला चाचपडावं लागता कामा नये, त्यामुळे त्याला आतून कुलूप घालून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

वासणा रोड
ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. इंधनपंपाच्या वायरीत लपवलेला स्विच बसवा. तो बंद असताना चावीनेही गाडी चालणार नाही. स्टिअरिंगच्या खाली बसवू नका, पहिला हात तिथेच जातो. ट्रॅकर घ्यायचा तर स्वतःची बॅटरी असलेला, कारण चोर गाडीची बॅटरी आधी काढतो. छतावरच्या सोलर पॅनेलला साधे नट नकोत, खास चावीने उघडणारे घाला. स्टेपनीला साखळी. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी यंत्र असेल आणि ते बसवल्याचं प्रमाणपत्र असेल, तर विम्याच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळते.

कारेलीबाग
मकरपुऱ्याच्या दादा, अडसर ईकोच्या वर उघडणाऱ्या मागच्या दाराला बसेल का?

मकरपुरा
तसाच नाही बसणार ताई. तिथे आतून खाली कडी आणि फरशीला हूक करावा लागतो. फरशीखाली इंधनाची टाकी कुठे येते ते बघूनच भोक पाडायचं, गाडी घेऊन या.

मांजलपूर
अजून एक. वाहनचोरीची ई-एफआयआर गुजरातेत २०२२ पासून ऑनलाइन करता येते. काच फोडून सामान गेलं असेल तर ठाण्यात इन्व्हर्टर, बॅटरी, फ्रिज सगळ्यांचे सिरीयल नंबर विचारतात. आज गाडीत जाऊन त्या नंबरांच्या पट्ट्यांचे फोटो काढा आणि घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. गाडीच्या दोन्ही चाव्याही सांभाळा. गाडीच गेली तर विमा कंपनी दोन्ही मागते.