चर्चा: गावकावळ्याचे ‘स्प्लेंडेन्स’ हे नाव चुकीचे आहे का?

दादर पश्चिम:

गेल्या आठवड्यात आमच्या भागातील एका शाळेच्या निसर्गप्रदर्शनात गावकावळ्याच्या चित्राखाली ‘कॉर्व्हस स्प्लेंडेन्स, म्हणजे भव्य कावळा, शास्त्रज्ञांनी केलेली गंमत’ असे लिहिलेले वाचले. मुले हसत होती. मला मात्र ते फार खटकले, म्हणून हा विषय येथे मांडत आहे. माझे म्हणणे असे की या नावात गंमतही नाही आणि चूकही नाही. चूक आहे ती भाषांतराची.

लॅटिनमध्ये ‘स्प्लेंडेरे’ म्हणजे चकाकणे, आणि ‘स्प्लेंडेन्स’ हे त्याचे वर्तमानकालवाचक धातुसाधित. अर्थ एवढाच: चकाकणारा. आपण मध्ये इंग्रजीतला ‘स्प्लेंडिड’ आणून बसवतो, त्यातून ‘भव्य’ निघते आणि मग उकिरड्यावरच्या पक्ष्याला हे नाव कसे, असा प्रश्न पडतो. मुळात नाव देणाऱ्याने भव्यतेबद्दल अवाक्षरही काढलेले नाही.

हे नाव फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ लुई व्हिएयो यांनी १८१७ साली नैसर्गिक इतिहासाच्या एका बहुखंडी कोशाच्या आठव्या खंडात दिले, पक्षी बंगालमधला. त्यांनी जे टिपले ते कोणालाही आपल्या खिडकीतून पाहता येईल. पावसाने थोडी उघडीप दिली की आमच्या ग्रिलवर एक कावळा अंग झटकून पिसे साफ करत बसतो. ऊन तिरपे असेल तर त्याच्या पंखावरून निळसर जांभळी छटा सरकत जाते, त्याने मान वर केली की गळ्यापाशी ती हिरवट होते, आणि ढग आला की तोच पक्षी पुन्हा कोळशासारखा काळा दिसतो. पिसांतील काळ्या रंगद्रव्याच्या कणांवर केराटिनचा (आपल्या नखांतही असणाऱ्या प्रथिनाचा) अतिशय पातळ थर असतो आणि त्या थरात प्रकाशाचे खेळ होऊन ही झळाळी उमटते.

याउलट दुसरे नाव पाहा. ॲलन ह्यूम (काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ साली आपल्या गोवालिया टँकजवळ भरले, त्यामागचे हेच ते ह्यूम) यांनी गावकावळ्याच्या ब्रह्मदेशातील प्रकाराला १८७४ मध्ये ‘इन्सोलेन्स’ म्हटले. त्या शब्दाचा रूढ अर्थ उद्धट असा होतो. माझ्या मते ‘स्प्लेंडेन्स’ हे पक्षी पाहून दिलेले नाव आहे आणि ‘इन्सोलेन्स’ हे पक्ष्यावर वैतागून दिलेले.

माहीम खाडी:

अर्थाबद्दलची आपली दुरुस्ती मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. जातीवाचक नावाने एक जात दुसरीपासून वेगळी ओळखता यावी, एवढी अपेक्षा तरी ठेवायला हवी. चकाकी तर डोमकावळ्यालाही आहे आणि युरोपातल्या काळ्या कावळ्यांनाही आहे. गावकावळा ओळखायचा तो मानेवरच्या आणि छातीवरच्या करड्या पट्ट्यावरून. मुंबईतील लहान मूलही ‘करड्या मानेचा तो गावकावळा, सगळा काळा तो डोमकावळा’ असेच शिकते. नेमकी हीच खूण व्हिएयोंच्या नावात नाही, कारण त्यांनी हा पक्षी त्याच्या गावात राहून कधी पाहिलाच नव्हता.

तुलनेसाठी डोमकावळा घ्या. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई लष्करातले अधिकारी, दख्खनमध्ये वर्षानुवर्षे राहून पाहणी केलेले. त्यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यात आपल्या डोमकावळ्याला ‘कॉर्व्हस कल्मिनॅटस’ असे नाव दिले. ‘कल्मेन’ म्हणजे माथा, कणा; पक्षिशास्त्रात चोचीच्या वरच्या कडेला आजही हाच शब्द आहे. डोमकावळ्याची जाड, वरून कमानदार चोच एकदा पाहिली की हे नाव लक्षात राहते. जो इथे राहिला त्याला खूण सापडली, आणि दूर बसलेल्याला नुसती चमक दिसली.

लॅटिनचा विद्यार्थी:

एक छोटी भर घालतो. ‘कॉर्व्हस’ हे गणनाम, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे नाव, दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियस यांनी १७५८ साली वापरले, आणि जुन्या लॅटिनमध्ये तो शब्द रेव्हन या थोराड कावळ्याचा होता. साध्या कावळ्याला ‘कॉर्निक्स’ म्हणत. लिनियस यांनी तर मॅगपाय आणि जे या कावळ्याच्या कुळातील पक्ष्यांनाही त्याच गणात घातले होते. म्हणजे अर्थाच्या काटेकोर कसोटीवर नावाचा पहिला शब्दही टिकणार नाही. मग एकट्या दुसऱ्या शब्दावरच राग का?

दादर पश्चिम:

माहीम खाडी, आपला मुद्दा वजनदार आहे, पण करडी मान ही आपण समजता तितकी भरवशाची खूण नाही. लिनियस यांनीच नाव दिलेला युरोपातला ‘कॉर्व्हस कॉर्निक्स’ आपल्या गावकावळ्याहून कितीतरी अधिक करडा आहे, आणि तिकडच्या जॅकडॉ या लहान कावळ्याचीही मान करडीच. शिवाय आपल्या जातीतसुद्धा ही खूण एकसारखी नाही. वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशातील गावकावळ्यांची मान फिकट, जवळजवळ पांढुरकी असते, श्रीलंकेत ती गडद होते, आणि ब्रह्मदेशात, म्हणजे ह्यूम यांच्या ‘इन्सोलेन्स’मध्ये, पट्टा काळ्यात जवळजवळ विरून जातो. व्हिएयोंनी ‘करड्या मानेचा’ असे नाव दिले असते तर ते रंगूनमध्ये खोटे ठरले असते. चकाकणारा मात्र तो तिथेही आहे.

गिरगाव:

आपण सगळे लॅटिनमध्येच अडकलात. अमरकोशात कावळ्याला आत्मघोष म्हटले आहे, म्हणजे स्वतःचेच नाव ओरडणारा. परभृत् म्हटले आहे, म्हणजे दुसऱ्याची पिल्ले पोसणारा. आणि बलिपुष्ट म्हटले आहे, म्हणजे घातलेल्या घासावर वाढणारा. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या घरट्यात असते हे ज्याला ठाऊक होते त्यानेच परभृत् हा शब्द वापरला. बाणगंगेवर पिंड ठेवून कावळा शिवण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला बलिपुष्ट हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्या पक्ष्याशी आपले असे नाते आहे त्याच्या फलकावर ‘स्प्लेंडेन्स’ला अग्रमान देणे मला पटत नाही.

दादर पश्चिम:

गिरगाव, ही नावे फलकावर असावीत, आणि मोठ्या अक्षरांत असावीत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण कोशातली ती नावे ‘कावळा’ या पक्ष्याची आहेत. गावकावळा आणि डोमकावळा हे दोघेही घास खातात, पिंडाला दोघेही शिवतात, दोघेही आपलेच नाव ओरडतात, आणि कोकिळेची पिल्ले वाढवण्याचे कामही दोघांकडे येते. शास्त्रीय नावाचे काम वेगळे आहे: मुंबईतला, झांझिबारमधला आणि रंगूनमधला अभ्यासक एकाच जातीबद्दल बोलत आहे याची खात्री देणे. त्यासाठी नाव स्थिर हवे. म्हणूनच प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की नाव अयोग्य वाटते एवढ्यावरून ते बाद होत नाही. एका स्वर्गपक्ष्याला लिनियस यांनी १७५८ मध्ये ‘अपोडा’, म्हणजे पाय नसलेला, म्हटले, कारण व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या कातड्यांचे पाय कापलेले असत. ते नाव उघड उघड चुकीचे असूनही आजपर्यंत चालू आहे. त्यामानाने ‘चकाकणारा’ हे तर खरे आहे.

माहीम खाडी:

नाव बदला असे मी कधीच म्हटले नाही. आधी दिलेले नाव टिकते हा अग्रक्रमाचा नियम मलाही मान्य आहे. माझी हरकत ‘पक्षी पाहून दिलेले नाव’ या आपल्या वाक्याला आहे. कातडे पाहणे आणि पक्षी पाहणे यांत फरक असतो, आणि ‘अपोडा’चे उदाहरण देऊन आपण तो स्वतःच दाखवून दिलात. व्हिएयोंच्या हाती खरी गोष्ट लागली हे खरे, पण ती अर्धी होती. साइक्स यांना पूर्ण लागली आणि काही याद्यांत ‘कल्मिनॅटस’ ही स्वतंत्र जात मानली जाते, ते उगाच नव्हे.

दादर पश्चिम:

‘कातडे पाहून’ अशी दुरुस्ती मी स्वीकारतो. अर्धी गोष्ट हे मात्र मान्य नाही. काळ्या रंगातली झळाळी दिसण्याइतके थांबून पाहणारे आजही थोडेच आहेत. शाळेला देण्यासाठी मी हा मजकूर तयार केला आहे: ‘गावकावळा. कॉर्व्हस स्प्लेंडेन्स, म्हणजे चकाकणारा कावळा. व्हिएयो, १८१७. उन्हात याच्या पंखांकडे पाहा.’

माहीम खाडी:

शेवटच्या वाक्यात ‘आणि करड्या मानेकडेही’ एवढे जोडा, खाली गिरगाव यांचे परभृत् आणि बलिपुष्ट घ्या, म्हणजे माझी या मजकुराला हरकत राहणार नाही. नावाबद्दलची राहील.