‘रोज एक पारा’: मराठीत पारा म्हणजे नेमके काय लिहावे?

नेमस्त : कुरआनचे मराठी भाषांतर तीस दिवसांत वाचायचा एक उपक्रम आहे. त्याचा उर्दू तक्ता मराठीत आणायचा आहे. मूळात सरळ ‘रोज एक पारा’ आहे. मी ‘रोज एक अध्याय’ केले, तर तपासणाऱ्याने शेरा मारला की अध्याय ११४ आहेत, तीस दिवसांत कसे बसवणार? ‘रोज चार अध्याय’ केले तर चालेल का?

बारकावे : अजिबात नाही. अध्याय म्हणजे सूरा. पारा ही वेगळीच मोजणी आहे. रोज चार सूरा धरल्या तर पहिल्या दिवशी ७ + २८६ + २०० + १७६, म्हणजे ६६९ आयती (सूरेतली वचने) वाचाव्या लागतील आणि एकोणतिसाव्या दिवशी शेवटच्या दोन सूरांच्या मिळून फक्त ११. माणूस पहिल्याच दिवशी पुस्तक मिटेल. सूरा ढोबळमानाने मोठीकडून छोटीकडे लावलेल्या आहेत, म्हणून हे होते. पारे मात्र लांबी बघून पाडलेले तीस भाग आहेत. पहिल्यात फातिहा ही पहिली सूरा आणि बकरा या दुसरीच्या १४१ आयती, दुसरा पारा १४२ ते २५२, म्हणजे आख्खा बकरामध्येच, आणि तिसाव्यात तब्बल ३७ सूरा. तक्त्यात ‘भाग’ लिहा आणि मोकळे व्हा.

पोथीवाला : ‘भाग’ कशाला? पारा हा पारायणाचाच तुकडा आहे. पारायणातला ‘पारा’ उचलला, ‘यण’ सोडले. मूळ आपलेच आहे.

फारसीनवीस : पोथीवालेसाहेब, ‘तुकडा’ एवढे बरोबर बोललात, बाकी सोडून द्या. फारसीत पारा म्हणजेच तुकडा. उर्दूत ‘पारा-पारा होना’ म्हणजे चिंधड्या होणे. पारायण हे पार + अयन, पैलतीरी जाणे. दोघांचे नाते ध्वनीपुरते.

गंमत ‘सिपारा’ या शब्दात आहे. सी म्हणजे तीस, तेव्हा सिपारा म्हणजे तीस तुकडे. पण बोलीत एकेका तुकड्यालाच सिपारा म्हणू लागले, म्हणजे ‘आज दोन सिपारे वाचले’ याचा शब्दशः हिशेब साठ होतो! अरबी शब्द जुझ, अर्थ अंश. तोही मराठीला परका नाही, ‘जुजबी’ त्यातूनच आला : जुझ्वी, अंशमात्र, थोडकेसे. जुझ चालत नाही म्हणणाऱ्यांनी आधी जुजबी ओळख, जुजबी माहिती हे सगळे बंद करावे.

शुद्धमती : जुजबी रुळला म्हणून जुझ रुळला असे होत नाही. मराठी वाचकाला ‘पारा’ म्हटले की तापमापक दिसतो. ‘आजचा पारा वाचला का?’ हे हवामान खात्याचे वाक्य वाटते. ‘पाऱ्याची सुरुवात’, ‘पाऱ्यातला शेवट’ असल्या रूपांनी तर आणखी घोळ. ‘त्रिंशांश’ लिहा. अर्थ नेमका आणि शब्द आपला.

बारकावे : त्रिंशांश! रोज त्रिंशांश वाचा म्हटले तर लोक आधी शब्दकोश वाचतील.

काना-मात्रा : आणि दातही मोजून घेतील.

बारकावे : पण ‘भाग’ सुचवताना एक अडचण सांगायची राहिली. भाषांतर वाचणाऱ्याला भाग संपला म्हणजे विषय संपला असे वाटते. इथे तसे नाही. चौथा पारा निसा सूरेच्या २३व्या आयतीवर संपतो. त्या आयतीत कोणत्या स्त्रियांशी विवाह निषिद्ध आहे याची यादी चालू आहे, आई, मुली, बहिणी, आत्या, मावश्या. पाचवा पारा सुरू होतो ‘आणि विवाहित स्त्रियाही’ असा. क्रियापद आदल्या दिवशी वाचलेले, कर्म आज. अरबी पठण करणाऱ्याचे यात फारसे अडत नाही, भाषांतर वाचणारा मात्र पाचव्या दिवशीच बुचकळ्यात पडतो.

उपाय : पारा अंदाजासाठी ठेवा, थांबा रुकूवर. रुकू म्हणजे अर्थाच्या दृष्टीने जुळणारा परिच्छेद. भारत-पाकिस्तानच्या छापील प्रतींत ते एकूण ५५८ आहेत. समासात ‘ऐन’ हे अरबी अक्षर असते, त्याच्याभोवती तीन आकडे. वरचा म्हणजे त्या सूरेतला कितवा रुकू, मधला म्हणजे रुकूत किती आयती, खालचा म्हणजे पाऱ्यातला कितवा रुकू. निषिद्ध विवाहांच्या त्या यादीचा रुकू आयती २३ ते २५ असा आहे, तेव्हा चौथ्या दिवशी दोन आयती जास्त वाचून २५वर थांबायचे.

दुसरी खबरदारी : दोघे मिळून वाचणार असतील तर प्रती जुळवून घ्या. आपल्याकडच्या प्रतींत चौथा पारा आल-इम्रान सूरेच्या ९२व्या आयतीपासून, ‘लन तनालू’ या शब्दांनी सुरू होतो. मदीनेच्या प्रतीत चौथा जुझ ९३पासून. सातव्यातही असाच एका आयतीचा फरक पडतो. आणि रमजानमध्ये करणार असाल तर महिना २९ दिवसांचाही निघतो, एक पारा हाताशी आधीच संपवून ठेवा.

नेमस्त : हे फार उपयोगी. मग तक्त्यात रुकू लिहू की परिच्छेद?

फारसीनवीस : ते नंतर ठरवा. ज्यांना महिना जड वाटतो त्यांच्यासाठी मंझिल आहे, सात दिवसांचे सात टप्पे. शब्द नीट बघा : मंझिल म्हणजे उतरण्याची जागा. त्याचीच मराठी रूपे ‘मजल’ आणि ‘मजला’. मजल दरमजल करत जायचे ते हेच. नाझिल होणे, म्हणजे वचन अवतरणे, तेही त्याच न-झ-ल धातूतून. फातिहा सोडून पहिल्या मंझिलीत ३ सूरा, मग ५, ७, ९, ११, १३ आणि सातव्यात उरलेल्या ६५. प्रत्येक मंझिल कोणत्या सूरेने सुरू होते ते लक्षात ठेवायला आद्याक्षरे जोडून ‘फमी बिशौक’ म्हणतात : फातिहा, माइदा, यूनुस, बनी इस्राईल, शुअरा, वस्साफ्फात, काफ.

काना-मात्रा : सात दिवसांत कुरआन ‘खतम’! वाचन पूर्ण करण्याला खत्म म्हणतात, आपल्याकडे ‘खतम’ झाले की माणूस जातो.

पोथीवाला : ‘रोज ठरावीक आयती’ हा हिशेब सगळ्यात सोपा नाही का? ६,२३६ भागिले ३६५. मराठीत सरळ ‘श्लोक’ लिहा.

बारकावे : रोज १७ धरल्या तर वर्षाखेरीस ३१ उरतात, तेवढे ठीक. पण आयत हे समान माप नाही. बकराची २८२वी, कर्ज लिहून ठेवण्याबद्दलची, छापील पान भरते, तर रहमान सूरेची ६४वी आयत एका शब्दाची आहे. १७ आयती कधी दोन मिनिटांत संपतात, कधी अर्धा तास खातात.

फारसीनवीस : शिवाय श्लोक लिहिलेत तर रूम सूरेत अडकाल. आयत म्हणजे मूळात खूण. तिथे २० ते २५ या सहा आयती एकापाठोपाठ ‘त्याच्या खुणांपैकी’ अशाच सुरू होतात : माती, जोडीदार, भाषा आणि रंगांचे वैविध्य, झोप, वीज, आकाश आणि पृथ्वी. मूळ शब्द तोच, पण तिथे ‘त्याच्या श्लोकांपैकी’ म्हणून बघा.

शुद्धमती : मग ‘आयत’ तरी कुठे निर्दोष आहे? भूमितीतला आयत पुल्लिंगी, चार काटकोनांचा. आणि अनेकवचन ‘आयती’ केले की फुकट मिळालेली वाटते.

काना-मात्रा : ‘सूरा’चा सू मात्र सगळ्यांनी दीर्घ ठेवा. ‘रोज चार सुरा’ असा तक्ता लागला तर उपक्रमाला गर्दी होईल, पण वेगळीच.

पोथीवाला : दीर्घऱ्हस्वाचे एवढे कडक असाल तर ‘कुरआन’ कुठून आणले? पिढ्यान् पिढ्या मराठीत ‘कुराण’ आहे.

फारसीनवीस : पुराणाच्या जोडीने बसवलेला ण आहे तो. मूळ क-र-अ, वाचणे. मधला आ तोडून म्हटला जातो म्हणून ‘कुरआन’.

पोथीवाला : जुजबी चालतो तर कुराण का नाही? तिथेही तोडून म्हणा ना, ‘जुझ्वी’!

शुद्धमती : यावेळी मी पोथीवाल्यांच्या बाजूने. रूढ रूप मोडायचे नसते.

फारसीनवीस : त्रिंशांश कधी रूढ झाला म्हणे?

नेमस्त : तक्ता आज रात्री छपाईला जातोय. पहिल्या रकान्याला तूर्तास ‘पारा (भाग)’ असे शीर्षक दिले आहे.

शुद्धमती : कंस काढा हो.