दाट रचना म्हणजे मजबूत धातू? कुणी सांगितलं?

उद्यमबागकर : काल 'वर्गाबाहेर'नी इथं टाकलं, "अणू जितके दाट बसलेले, तितका धातू मजबूत. शंकाच नाही." खाली टाळ्याच टाळ्या. रात्रपाळी करून आलोय, झोपणार होतो, पण हे वाचून झोपच उडाली. सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, शिसं, सगळे एफसीसी, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध अणू, ७४ टक्के जागा भरलेली. शिशावर नखानं ओरखडा उठतो की वो! टंगस्टन बीसीसी, म्हणजे कोपऱ्यांवर अणू आणि घनाच्या पोटात एक, ६८ टक्के. हिरा तर ३४. तुमच्या हिशेबानं हिरा चुरमुऱ्यासारखा चिरडायला पाहिजे. दाट थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून तर तांब्याची तार ओढता येते.

वर्गाबाहेर : 'मजबूत' आणि 'कठीण' यांत फरक असतो, भट्टीजवळ बसून तो कळत नाही. सारखे गोळे ७४ टक्क्यांहून दाट रचताच येत नाहीत, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लर १६११ मध्ये म्हणाला. हेल्स नावाच्या गणितज्ञानं १९९८ मध्ये सिद्धता मांडली, ती संगणकाकडून ओळ न् ओळ तपासून व्हायला २०१४ उजाडलं. चारशे वर्षं लोक उगाच डोकं खाजवत होते काय?

उद्यमबागकर : भट्टीजवळ बसूनच पोट भरतंय आमचं. गोळे किती मावतात ते केप्लरनं सांगितलं. वाकवल्यावर काय होतं ते नाही सांगितलं.

मापटं_भरून : केप्लर कशाला, गणपत गल्लीतल्या मोसंबीवाल्या मावशी रोज तेच रचतात. पण ओतलेला माल तसा बसत नाही. गोळे कसेही ओतून आपटले तरी ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात, अलगद ओतले तर त्याहून कमी. आमच्या आज्याला हे गणिताशिवाय कळलं होतं. अडत्या वाटाणा घेताना मापटं दोनदा आपटायचा, वर शीग. तोच बियाणं देताना अलगद ओतायचा आणि वरनं हात फिरवून सपाट. जन्मभर लुटलं.

पेठेतला : सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. माझे वडील वजनानंच घ्यायचे. वजन वाढावं म्हणून ओला माल आणणारेही पाहिलेत आम्ही.

मापटं_भरून : पावसात भिजला, तो आमचा गुन्हा काय?

पेठेतला : आणि पोत्याच्या तळाला खडे? तेही पावसातच पडले?

मापटं_भरून : तोंड सांभाळून. माझा आजा होता तो.

खानापूरची_सून : वाटाणा गोल तरी असतो, आमच्या तांदळाचं काय? लांब दाणा, माप आपटलं की आडवा पडून केवढा खाली बसतो. सासूबाई अजून मोजताना मापाला कुणाला हात लावू देत नाहीत. बरं, भांडणं आवरा आणि एक सांगा. लोखंड तापल्यावर दाट होतं की सैल? मुलीला तोंडी परीक्षेत विचारलं. ती म्हणाली, एका टप्प्यावर दाट होतं. सर हसले आणि मार्क कापले.

उद्यमबागकर : पोरगी बरोबर आहे, वहिनी. ९१२ अंशांला बीसीसीचं एफसीसी होतं आणि तापता तापता लोखंड चक्क आकसतं. पुढची गंमत ऐका. दाट झालं म्हणजे कार्बनला जागा कमी, असंच वाटणार ना? उलट आहे. ६८वाल्यात जेमतेम ०.०२ टक्के कार्बन मावतो, ७४वाल्यात २ टक्क्यांच्या वर. रिकामी जागा एकूण कमी, पण एकेक पोकळी मोठी. घरात चार चिंचोळ्या खोल्या असल्या तरी पलंग सोप्यातच मावतो, तसं. मग लालबुंद असतानाच तेलात बुडवलं की कार्बन आत अडकतो, जाळी ताणली जाते, तुकडा फुगतो आणि कडक होतो. म्हणजे दाट रचना मोडली, तेव्हा कडकपणा आला! मागल्या वर्षी आमच्या नवीन पोरानं खाचेचे शाफ्ट तेलाऐवजी पाण्यात सोडले. टच्च. खाचेच्या कोपऱ्यातनं केसाएवढी चीर. बारा नग भंगारात, आणि मालकाच्या शिव्या मी खाल्ल्या. 'शंकाच नाही' म्हणणाऱ्यानं त्या दिवशी यायला पाहिजे होतं.

वर्गाबाहेर : ठीक आहे, 'शंकाच नाही' एवढे दोन शब्द मागं घेतो, चहा पाजतो वाटल्यास. पण कडक थंडीत साधं पोलाद काचेसारखं फुटतं, ते बीसीसी. द्रव नायट्रोजनची टाकी ज्या स्टेनलेसची करतात, ते एफसीसी. तिथं न फुटणं हीच मजबुती. आता बोला.

उद्यमबागकर : हां, हे मानलं. झोप नाही म्हणून मानलं असं समजा. पण मॅग्नेशियमही ७४ टक्केच, नुसती थरांची पाळी वेगळी. ते थंड असताना वाकवून दाखवा, मग चहाचं बघू.

खानापूरची_सून : सरांना हे दाखवू काय? मार्क मिळतील?

उद्यमबागकर : दाखवा. मिळणार नाहीत.

पेठेतला : खड्यांचं उत्तर राहिलंय.

मापटं_भरून : आधी शीग परत करा.