पुन: गणेशोत्सवातला ज्येष्ठ वादकांचा सत्कार

प्रेषक: कार्यवाह, वडोदरा

मंडळी, नमस्कार. यंदा गणेशोत्सवात दोन ज्येष्ठ वादकांचा सत्कार करायचं घाटतंय. शाल, श्रीफळ, मानपत्र नेहमीप्रमाणे. मुलांची वादनस्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी. सूचना रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: दांडिया बाजारची माहेरवाशीण, न्यू जर्सी

दादा, स्पष्टच लिहिते. म्हाताऱ्यांना संध्याकाळी हार आणि पोरांना सकाळी रिकाम्या खुर्च्या, हे पटलं नाही.

इथे जॅझवाल्यांचं बघते. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स ही सरकारी संस्था 1982 पासून ‘जॅझ मास्टर्स’ निवडते. पहिल्या वर्षी रॉय एल्ड्रिज, डिझी गिलेस्पी आणि सन रा. आता मानासोबत 25 हजार डॉलरही देतात. ते हवेतच, कारण जन्मभर क्लबात वाजवणाऱ्याला कुठली पेन्शन? वादकांचं थकलेलं घरभाडं, औषधपाणी बघायला 1989 साली जॅझ फाउंडेशन ऑफ अमेरिका निघालं.

पण मला खरा भावतो आर्ट ब्लेकी. ड्रमर. त्याच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये कायम नवी पोरं: ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, पुढे विंटन मार्सालिस. पोरगं सोलोत रेंगाळलं की मागून ड्रमवर असा काही गडगडाट व्हायचा की त्याला पुढे सरकावंच लागे. शॉर्टरने तर त्या बँडसाठी कितीतरी रचना बांधल्या. 1990 मध्ये ब्लेकी गेला, तोवर हे चालू होतं.

आणि हे बडोद्याला मी काय सांगावं! आग्रा घराण्याचे गायक फैयाज खाँसाहेब दरबारात पगारावर, आणि पुढे नावाजलेले गायक श्रीकृष्ण रातंजनकर त्यांच्याकडे शिकायला बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर. दोघांचा खर्च एकाच तिजोरीतून.

तर मुलांना त्याच संध्याकाळी ज्येष्ठांच्या साथीला बसवा. पाकीट दोघांनाही.

प्रेषक: अण्णा, खजिनदार

डॉलर वाचून पोटात गोळा आला. तरी हिशोब मांडला. शाली गेल्या वर्षीच्या शिल्लक आहेत. मानपत्राची फ्रेम, गुच्छ आणि फ्लेक्स गाळले तर पाकिटं बऱ्यापैकी जाड होतील. वक्ते तीन आहेत. फुकट असले तरी तासभर खातात. दोन कमी करा, वादनाला वेळ मिळेल. पत्रिकेत मुलांची नावं सत्कारमूर्तींच्या लगेच खाली घ्या, ‘इतर कलाकार’ नको.

प्रेषक: तबल्याच्या वहिनी, रावपुरा

कल्पना छान, पण ऐन वेळी मुलं बसवू नका. व्हायोलिनवाल्या काकांना मी फोन केला. ते काळी चारला वाजवतात, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा धरून; साथीला बसणाऱ्या मुलाचा तबला काळी एकचा, बराच खालचा. तो ठोकून ठोकून किती चढवणार? पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटेल. माझा दायाँ, उजव्या हाताचा तबला, देते. काकांची अट एकच: आठवडाभर आधीपासून मुलाला रोज संध्याकाळी घरी पाठवा, त्याची लय बघायची आहे. ते विलंबितात, संथ लयीत, मधेच तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेतात, आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुठे येणार हे चेहऱ्यावरून मुळीच कळत नाही. मी स्वतः दोनदा फसले आहे.

मुलाच्या आईला परीक्षेची काळजी आहे. तिच्याशी मी बोलते.

प्रेषक: कार्यवाह, वडोदरा

ठीक, असंच करू. स्पर्धा रद्द, मुलं संध्याकाळी. अण्णा, एक अडचण आहे. फ्लेक्स कालच छापून आलाय आणि त्यावर तिन्ही वक्त्यांचे फोटो आहेत. त्यातल्या दोघांना तुम्हीच कळवा.