बॉन्ड + ओरिजिनल मार्कशीट मागतायत, सही करू का? (अर्जंट)

चिंचगुळ
लोकहो पटकन सांगा. ऑफर आलीये, पण एचआर म्हणतायत स्टॅम्प पेपरवर बॉन्ड द्यायचा आणि जॉइनिंगच्या दिवशी ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या. सोमवारपर्यंत कळवायचंय. घरचे म्हणतात आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये, ग्रुपवरचे म्हणतात पळ. कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्या टीपीओ सरांना फोन केला तर म्हणाले तुमची बॅच पासआउट झाली आता. सही करू की नको? आणि प्लीज 'मनाचं ऐक' लिहू नका, मनालाच काही कळेना झालंय.

लेथवाला
कसला बॉन्ड, किती वर्षं, रक्कम किती? ब्रँच कुठली, कंपनी कुठं, पगार? भावा एवढं तरी लिही, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं का.

नगरी पोरगं
करू नको. विषय संपला. माझ्या चुलतभावाच्या मार्कशीट अशाच एकांनी ठेवून घेतल्या. नंतर दुसरीकडं सिलेक्शन झालं तर व्हेरिफिकेशनला दाखवायला कागदच नाही. डुप्लिकेट काढायला गेला तर म्हणे पोलिसात हरवल्याची तक्रार देऊन या. आता हरवल्याच नाहीत तर तक्रार काय खोटी द्यायची?

चिंचगुळ
हो सॉरी. मेकॅनिकल, यंदाच पास. चाकण. वर्षाला २.४ लाखांचं पॅकेज. बॉन्ड २ वर्षं, मध्ये सोडलं तर दीड लाख.

शेवंता_०७
२.४ म्हणजे महिन्याला २० हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, हातात नाही हां. बेसिक १२ हजार धरलं तर कंपनीच्या बाजूचा पीएफ १४४०, ग्रॅच्युइटी पावणेसहाशेच्या आसपास, ईएसआयचा (आरोग्य विम्याचा) ३.२५ टक्के वाटा, हे सगळं त्या वीसातच बसवलेलं असतं. मग तुझ्या बाजूचा पीएफ परत १४४०, ईएसआय पाऊण टक्का, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात साडेपंधराच्या आसपास. त्यातून कँटीन आणि बसचे कापतात का ते वेगळं विचार. ब्रेकअप लेखी माग, एचआर फोनवर गोड बोलतात.

अप्पा सांगलीकर
बाळा, साडेपंधरासाठी दोन वर्षं गहाण ठेवू नकोस. घरी बस, एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा दे. माझ्या भाच्यानं दिली, आज गाडी बंगला सगळं आहे.

लेथवाला
अप्पा, मेकॅनिकल लिहिलंय हो वर. स्थापत्य म्हणजे सिव्हिल.

अप्पा सांगलीकर
मग यांत्रिकीची द्यावी. मुद्दा सरकारी नोकरीचा आहे, शाखेचा नाही.

तिरफळ
कोणी घाबरवू नका पोराला. बॉन्ड कोर्टात टिकत नाही, करार कायदा १८७२, कलम २७. बिनधास्त सही ठोक, सहा महिने अनुभव घे आणि कल्टी मार. सगळे तेच करतात.

काळाकोट
तिरफळ, असला सल्ला देऊ नका. मे २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये ३ वर्षांच्या आत सोडलं तर २ लाख भरायची अट वैध धरली. 'सोडल्यावर दुसरीकडं कामच करायचं नाही' ही अट वेगळी आणि 'ठरलेली मुदत काम कर नाहीतर पैसे भर' ही वेगळी. कलम २७ चा फटका पहिलीला बसतो.

तिरफळ
ती सरकारी बँक होती साहेब, भरतीच्या जाहिराती, परीक्षा, केवढा खर्च. चाकणचा वेंडर काय ट्रेनिंग देतो? सेफ्टी शूज आणि एक पीपीटी. दीड लाखाचं नुकसान कुठून दाखवणार? कलम ७४ प्रमाणं वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

काळाकोट
मान्य. पण ते कोर्टात जाऊन म्हणायचं. नोटीस घरी आली की आईवडील आधी पैसे भरून मोकळे होतात, कलम ७४ पर्यंत कोणी पोचत नाही.
चिंचगुळ, बॉन्डबरोबर चेक मागितलाय का? आणि लेटरवर पद काय लिहिलंय? कंपनी सोडा, तुमच्या कागदावर काय आहे ते लिहा.

गावठी गुरुजी
रेझ्युमे एका पानाचा ठेवावा. फोटो लावू नये. 'वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती' हे सगळं काढून टाकावं. छंदात 'वाचन, प्रवास' लिहू नये.

नगरी पोरगं
गुरुजी, ऑफर आलीये. रेझ्युमेचा टप्पा होऊन गेला.

चिंचगुळ
@काळाकोट हो, दोन कोरे चेक, फक्त सही करून. ते नॉर्मल असतं ना? म्हणून लिहिलं नव्हतं. लेटरवर नुसतं 'ट्रेनी' आहे. आणि सगळ्यांनी भावा भावा चालवलंय, मुलगी आहे मी.

लेथवाला
मेकॅनिकल वाचून धरून चाललो. सॉरी ताई.

शेवंता_०७
अरे मग प्रोफेशनल टॅक्स काढ त्यातून. महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंत माफ आहे २०२३ पासून. २०० वाचले.

काळाकोट
ताई, नॉर्मल नाही. सगळ्यात धोकादायक गोष्ट तीच आणि तीच तुम्ही शेवटी सांगताय. बॉन्डवरून वसूल करायचं तर त्यांना दिवाणी दावा लावावा लागतो, वर्षानुवर्षं चालतो. चेकवर स्वतः रक्कम टाकून बँकेत भरला आणि बाउन्स झाला की चेक बाउन्सचं कलम १३८ लागतं, म्हणजे फौजदारी, दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद. 'मी फक्त सही केली होती, रक्कम त्यांनी भरली' एवढ्यानं सुटका होत नाही. बॉन्ड एक वेळ द्या, कोरा चेक देऊ नका.

मावळा_मेक
कुणीच नॅट्सबद्दल, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेबद्दल, बोलेना. नॅट्सच्या पोर्टलवर नोंदणी कर, डिग्रीवाल्यांना वर्षभराची अप्रेंटिसशिप असते. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड ९ हजार, कंपन्या जास्त पण देतात. शेवटी केंद्र सरकारचं सर्टिफिकेट. ना बॉन्ड ना मार्कशीट. मी त्यातूनच लागलो, आज क्वालिटीत आहे.

तिरफळ
९ हजारात चाकणला खोली तरी मिळते का? वर पीएफ नाही. त्यापेक्षा राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना बरी, पदवीला १० हजार.

मावळा_मेक
त्यात क्लार्कसारखी कामं पडतात, कोअरचा, म्हणजे आपल्या ब्रँचचा, अनुभव कुठं मिळतो? आणि 'ट्रेनी' लिहिलंय ना हिच्या लेटरवर, त्यात पीएफ कापणार का हे तरी कोणी विचारलं का? पीएफ नाही तर शेवंताताईंचं गणितच बदललं. पुढच्या कंपन्या अनुभव खरा आहे का ते पीएफच्या नोंदीवरून बघतात. दोन वर्षं बॉन्डमध्ये काढून नोंद शून्य, असं नको. अप्रेंटिस लिहिलं असेल तर अजून वेगळं, अप्रेंटिस ॲक्टखाली अप्रेंटिसशिप एकदा झाली की परत घेत नाहीत.

नगरी पोरगं
चाकणवरून आठवलं, तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकचं काही झालं का? मागच्या महिन्यात मी ताशी बैलगाडीच्या स्पीडनं आलो.

लेथवाला
काही नाही झालं. कंटेनरच्या मागं उभं राहायची तयारी ठेवून निघायचं.
ताई, एचआरला मेल टाक, फोन नको. लिही की ओरिजिनल दाखवते, सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स देते, डिजिलॉकरमधून पण व्हेरिफाय करा. चेकऐवजी बॉन्डची रक्कम महिन्यागणिक कमी होत जाईल असं घालून मागा. दीड लाख भागिले २४, म्हणजे दर महिन्याला सव्वासहा हजार उतरले पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी ऐकतात, कारण त्यांनाही माणूस हवाच असतो.

अप्पा सांगलीकर
स्टॅम्प पेपर १०० चा घेऊ नये, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. आणि खर्च कंपनीनं करावा.

शेवंता_०७
अप्पा आज पहिल्यांदा विषयावर बोलले.

चिंचगुळ
मेल टाकला. मार्कशीटचं ऐकलं, दाखवून परत घेऊन जा म्हणाले. पीएफ पहिल्या महिन्यापासून आहे. महिन्यागणिक कमी करायचं 'मॅनेजमेंटला विचारतो'. चेकवर मात्र अडून बसलेत, म्हणे पॉलिसी आहे. एकावर दीड लाख रक्कम आणि 'बॉन्डपोटी' असं लिहून दिला तर चालेल का?

काळाकोट
कोऱ्यापेक्षा बरं, पण मी तोही देणार नाही. द्यावाच लागला तर चेक नंबर बॉन्डमध्ये लिहून घ्या, मुदत संपल्यावर परत करणार हे वाक्य घाला, आणि दुसरा चेक कशासाठी हे विचारा. एका बॉन्डला दोन चेक कशाला?

तिरफळ
दुसरा प्रश्न विचारलास की एचआरचा चेहरा बघ.

चिंचगुळ
उद्या विचारते. तोपर्यंत चाकणमध्ये मुलींसाठी मेससकट पीजी माहीत असेल कोणाला तर सांगा, कंपनीची बस तळेगाव चौकातून आहे.

लेथवाला
पीजीच्या आधी सेकंड शिफ्टला बस परत सोडते का ते विचार. आणि सोडते तर चौकात की दारात.