फॅबमधली नोकरी: तुमचे अनुभव सांगा

चिपा बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मी नऊ वर्षं एचिंगची (नको तो थर कोरून काढण्याच्या कामाची) प्रोसेस इंजिनिअर होते. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं पगार विचारतात, पण दिवस कसा जातो हे त्यांना कुणी सांगत नाही. ज्यांनी फॅबमध्ये, म्हणजे चिपांच्या कारखान्यात, काम केलंय त्यांनी हातचं न राखता लिहावं. सुरुवात मी करते.

तिसऱ्या वर्षी एचिंग यंत्राच्या चेंबरची साफसफाई झाल्यावर टेस्ट वेफरवर (वेफर म्हणजे जिच्यावर चिपा बनतात ती सिलिकॉनची चकती) कणांची संख्या नेहमीपेक्षा थोडी जास्त आली. मर्यादेच्या आतच होती. लॉट, म्हणजे वेफरचे गट, खोळंबले होते, मी टूल (यंत्र) उत्पादनासाठी चालू करून दिलं. वेफरला शेकडो पायऱ्या पार करायला तीनेक महिने लागतात, त्यामुळे कित्येक आठवडे काहीच कळलं नाही. मग विद्युत चाचणीत कडेच्या चिपा नापास होऊ लागल्या. एका डब्यात 25 वेफर, आणि असे कितीतरी डबे त्या चेंबरमधून पुढे गेलेले. माझ्यावर कुणी आवाज चढवला नाही. साहेबांनी एवढंच विचारलं, "जास्त आहे हे दिसलं होतं ना? मग का आहे ते शोधलं का नाही?" त्या रात्री झोप लागली नाही. पुढे मर्यादेपेक्षा आलेखाचा कल बघायची सवय लागली ती कायमची.

टेक्निशियन, रात्रपाळी, सहा वर्षं

बारा तासांची पाळी. एका आठवड्यात तीन दिवस, पुढच्यात चार. सुट्ट्या भरपूर वाटतात, पण पहिला दिवस झोपेतच जातो. बनी सूट (अंगभर झाकणारा स्वच्छ पोशाख) काढून स्वच्छतागृहात जाऊन परत यायचं म्हणजे वीस मिनिटं, म्हणून मी पाणीच कमी प्यायचो. मूतखडा झाला तेव्हा डोळे उघडले. नव्या लोकांनो, टूल डाउन (बंद) असलं तरी पाणी प्यायला बाहेर पडा. पासडाउन, म्हणजे पुढच्या पाळीसाठीची नोंद, तीही नीट लिहा. आधीच्या पाळीने कोणता व्हॉल्व्ह उघडा ठेवलाय हे न कळल्यामुळे आमचे तास गेले आहेत.

लिथोग्राफी, यंत्रांची देखभाल

लिथोग्राफी म्हणजे प्रकाशाने वेफरवर नक्षी उमटवणं. आमच्या भागात पिवळा उजेड, कारण फोटोरेझिस्टला (वेफरवरच्या प्रकाशसंवेदी लेपाला) निळा आणि अतिनील प्रकाश चालत नाही. बाहेर आलं की थोडा वेळ सगळं निळसर दिसतं. मी ईयूव्ही (अगदी आखूड तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाच्या) यंत्रावर आहे. वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला 50,000 थेंब, त्यांवर लेझरचा मारा, आणि त्यातून 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश. तो हवेतही शोषला जातो आणि काचेतही, म्हणून आत निर्वात आणि भिंगांच्या जागी आरसे. कथिल साचून आरसा अंधुक होतो, तो बदलताना आमचा जीव टांगणीला लागतो. दमणूक खूप आहे. तरीही यंत्र पुन्हा सुरू होऊन पहिला वेफर बरोबर उमटला की मला आजही भरून येतं.

वेट बेंच

वेट बेंच म्हणजे रसायनांत वेफर धुण्याची जागा. तिथल्या हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल लिहितो. सौम्य असेल तर लागल्यालागल्या दुखतही नाही. ते कातडीतून आत शिरून कॅल्शियमला धरतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलंय हे पहिल्याच दिवशी बघा आणि सोबत्याशिवाय काम करू नका. "थेंबभरच होतं" म्हणून गप्प बसू नका, धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

मेमरी कंपनीतून बाहेर पडलेली

2023 च्या मंदीत आमच्या गटातली बरीच माणसं गेली, मीही. काम वाईट होतं म्हणून नव्हे, मेमरीचे भाव कोसळले म्हणून. असा फेरा दर काही वर्षांनी येतो, हे धरूनच कर्जाचे हप्ते ठरवा.

अजून शिकतोय

रसायनशास्त्रात एमएस्सी करतोय. इलेक्ट्रॉनिक्स नाही म्हणून फॅबमध्ये घेतील का?

(धागाकर्ती) नक्की घेतात. एचिंग, सीएमपी (रसायन लावून वेफर घासून सपाट करणं), डिपॉझिशन (वेफरवर पातळ थर चढवणं) हे सगळं रसायनशास्त्रच आहे. आमच्या गटातला सगळ्यात तल्लख माणूस रसायनशास्त्राचाच होता. तोवर सांख्यिकी पक्की करून ठेवा, कंट्रोल चार्ट (मोजमापं मर्यादेत आहेत का दाखवणारा आलेख) रोज वाचावा लागेल. आणि मुलाखतीत पाळीबद्दल स्पष्ट विचारा.